विदर्भ, स्कॉटलंड आणि पहिलं बाळंतपण

माझा नवरा नागपूरचा आणि मी पुण्याची. एवढं सांगितलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला पुढचं सगळं कळतं, फक्त कीव कोणाची करायची एवढाच प्रश्न उरतो. आम्ही राहतो त्या इंग्लंडमधल्या लीड्समध्ये मात्र हे समजावून सांगायची सोय नाही. इथल्या लोकांच्या लेखी आम्ही दोघंही बॉम्बेजवळचे. नागपूर मुंबईजवळ असेल तर लीड्स स्वित्झर्लंडजवळ आहे, पण मी पडले डॉक्टर, पेशंटशी कोण वाद घालणार.

माझ्या वडिलांची बदली नागपूरला झाली म्हणून मी तिथल्या मेडिकलला गेले आणि हा माझ्या वर्गात निघाला. म्हणून मी त्याला आजही अरे-तुरे करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खपलं नाही. होस्टेलवर इतर मुलांच्या भिंतीवर नट्या असायच्या, याच्या भिंतीवर विदर्भाचा नकाशा होता. स्वतंत्र विदर्भ हे याचं पहिलं प्रेम, मी नंतरची. पहिल्यांदा चहा पाजला तेव्हाच त्याने मला जाब विचारला होता, "आमचा कोळसा तुम्ही नेला, वीज तुम्ही नेली, कापूस नेला, आणि बदल्यात दिलं काय? थंडीत चार दिवस अधिवेशन. तेही हुरडा खायला." यातले 'तुम्ही' म्हणजे मी. मी तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होते आणि कुणाचाही कोळसा नेलेला नव्हता.

त्यात माझ्या वडिलांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी पाठीवर लाठी खाल्लेली. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघालाच नाही, दोन्ही बाप एकमेकांकडे न बघता पोहे खात बसले होते. पोह्यांवर तर्री हवी की ओलं खोबरं, यावरून निम्मं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं.

इंग्लंडमध्ये येऊन आता चाळीस वर्षं होतील. तो हाडांचा सर्जन, मी जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर. नकाशाही विमानातून आला. लीड्सच्या घरात तो घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या कपाटात दाराच्या आतल्या बाजूला लावलेला आहे, ही आमच्यातली तडजोड. बॉयलर तपासायला येणारा माणूस दर वर्षी तो नीट बघतो. त्याला ते पाइपांचं ड्रॉइंग वाटतं.

तर असा हा माणूस. स्कॉटलंडने ब्रिटनमधून वेगळं व्हायचं की नाही यावर सार्वमत घ्यायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं, हा आता उत्तरेकडे तोंड करून ताशा वाजवणार. कसलं काय. एका रविवारी पेपर खाली ठेवून म्हणाला, "येडे झाले का हे लोक? चांगला चाललेला देश तोडून राहिले."

माझा कप हातातच राहिला. "आणि विदर्भ?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"आमच्यावर अन्याय झाला ना."

"त्यांच्यावर नाही झाला?"

"ते वेगळं," तो म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला.

खरं सांगते, मला स्कॉटलंडचं काही पडलेलं नव्हतं. पण ज्या माणसाने लग्नाआधीपासून माझ्याकडे कोळसा मागितला, त्याला असं सुखासुखी सोडणं मला जमणारं नव्हतं. मी त्याच सकाळी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची कट्टर समर्थक झाले. आम्ही राहतो लीड्सला, मत फक्त स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना. म्हणजे घरात मतदार एकही नाही आणि प्रचार मात्र तिन्ही त्रिकाळ.

मतदार होती ती आमची लेक. एकुलती एक. ग्लासगोच्या पलीकडे समुद्रकाठच्या एका गावात राहते, फिजिओथेरपिस्ट आहे. जावई तिथलाच, शाळेत भूगोल शिकवतो, गरीब गाय आहे. आणि लेकीला त्या वर्षी दिवस गेले होते. नोव्हेंबरची तारीख होती. नवऱ्याच्या देशप्रेमाचं मूळ तिथे होतं, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं. "उद्या मध्ये बॉर्डर आली तर?" तो म्हणायचा. "नातवंडाला बघायला व्हिसाच्या लायनीत उभा राहू? माझ्या आयुष्यातल्या लायनी संपल्या."

आता व्याही. जावयाचे वडील बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटीच्या इंजिनावर काम करून रिटायर झालेले. उंच, रुंद आणि बोलायला कंजूस. लग्नात सगळे नवरीकडे बघत होते आणि माझा नवरा व्याह्यांच्या चालीकडे. जेवणं झाल्यावर त्याने त्यांना कोपऱ्यात नेऊन खुर्चीवर बसवलं आणि भर मांडवात त्यांचा उजवा गुडघा तपासला. तेव्हापासून दोघं जिवलग. दर रविवारी गुडघ्याच्या निमित्ताने फोन, आणि गुडघा बरा झाल्यावरही फोन चालूच. इंग्रजीत व्याह्यांना अहो-जाहो करायची भानगड नसल्यामुळे प्रकरण फार लवकर पुढे गेलं.

एकदा ते आमच्याकडे आले होते. जेवताना सार्वमताचा विषय निघाला आणि त्या अबोल माणसाने काटा खाली ठेवला. म्हणाले, "तेल आमच्या समुद्रातलं. नेलं कुणी? लंडनने. आणि बदल्यात दिलं काय? पाऊस. तोही आमचाच होता."

मला ठसका लागला. मी नवऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांपूर्वीचा कोळसा त्याच्यासमोर ताटात वाढलेला होता. तो पापडाकडे बघत म्हणाला, "ते वेगळं." मराठीत म्हणाला, त्यामुळे व्याह्यांना वाटलं पापड मागतोय. त्यांनी पापड पुढे केला.

आता माझं काय होतं ते सांगते, कारण या सगळ्या भांडणात माझं जे होतं ते विदर्भात नव्हतं आणि स्कॉटलंडमध्येही नव्हतं. ते आमच्या माडीवरच्या मागच्या खोलीत होतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात आईकडे येते, आणि बाळ सव्वा महिन्याचं झाल्याशिवाय जात नाही. मी डॉक्टर आहे, त्यातलं निम्मं शास्त्राला धरून नाही हे मला ठाऊक आहे. मला तरीही ते हवं होतं.

कारण मला ते मिळालं नव्हतं. लेक झाली तेव्हा आम्ही लीड्समध्ये हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये नवे होतो. आई यायची होती, तिकीट काढलेलं होतं, आणि आठ दिवस आधी वडिलांना हार्ट अटॅक आला. नवऱ्याला तीन दिवसांची सुट्टी मिळाली. बाळंत झाल्यावर मला कुणीतरी टोस्ट आणि चहा दिला. चांगला होता, नावं ठेवत नाही. पण घरी आल्यावर त्या खोलीत मी आणि ते बाळ, आणि बाहेर दुपारी चारला अंधार. डोक्यावरून हात फिरवणारं कुणी नव्हतं. ही गोष्ट मी लेकीला तिच्या जन्मापासून इतक्यांदा सांगितली आहे की ती मला मध्येच थांबवून टोस्टवर बटर होतं की मार्मलेड ते सांगते.

म्हणून मी त्या उन्हाळ्यात मागची खोली रंगवून घेतली. डिंक, खारीक, अळीव आणून ठेवले. धुरी द्यायची म्हणून शेगडीसुद्धा मिळवली, आणि नवऱ्याला शिडीवर चढवून त्या खोलीतला स्मोक अलार्म काढून ठेवायला लावला. तो काढताना म्हणाला, "फायर ब्रिगेडवाले बाळाचं नाव विचारायला येतील." येऊ देत म्हटलं, त्यांनाही लाडू देईन.

लेकीला मी विचारलं नव्हतं. यात विचारायचं काय असतं?

डोहाळजेवण मात्र तिकडे करायचं ठरलं, गौरी-गणपती झाल्यावर लगेच, पितृपक्ष लागायच्या आत. मी हिरवी साडी, शेजारच्या ब्रॅडफर्डहून पेढे-बर्फी आणि खोकाभर शेवंती घेऊन गेले. लेकीच्या मागच्या अंगणात झोपाळा होता, त्याला फुलं बांधली. फुलांचे दागिने करताना विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, माझ्याशेजारी सुईदोरा घेऊन बसल्या. फार गोड बाई. इकडेतिकडे बघत मला हळूच म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते, मी 'नो'ला मत देणार आहे. वेगळं झालो तर पेन्शनचं काय, अशी भीती वाटते. ह्यांना कळता कामा नये." त्यांच्या घराच्या प्रत्येक खिडकीत 'येस'चा निळा फलक होता आणि कुत्र्याच्या पट्ट्यालाही. मी वचन दिलं. शेवंतीच्या बाजूबंदावर दोन विहिणींनी घेतलेली ती शपथ मी आज पहिल्यांदा मोडते आहे, आणि नाव सांगत नाही म्हणून चालेल असं धरते.

कार्यक्रम झकास चालला होता. गावातले शेजारी, नातेवाईक, सगळे आले होते. डोहाळजेवण बायकांचं असतं हे मी सांगून पाहिलं, पण तिथल्या पुरुषांना फुकटच्या जेवणातून वगळणं मला जमलं नाही. ओटी भरून झाली आणि वाट्यांची वेळ आली. दोन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पोटुशीने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. लेकीने स्कॅनमध्ये मुद्दाम विचारलेलं नव्हतं, त्यामुळे तिलाही उत्सुकता होती. जावयाने पाहुण्यांना समजावून सांगितलं, "ती एक वाटी उचलणार, आणि पुढे काय होणार ते आपल्याला कळणार." एवढंच सांगितलं. भूगोलाचा मास्तर, पण नेमकं कधी बोलायचा नाही.

व्याही पुढे सरकले. माझ्या नवऱ्याला विचारलं, "खाली काय आहे?"

आणि माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत ती नागपुरी चमक आली. ती आली की मी देवाचं नाव घेते. तो म्हणाला, "एकीखाली येस, एकीखाली नो. आमच्याकडे हे कधी चुकत नाही."

हातातले ग्लास खाली ठेवून माणसं जवळ आली. लेकीला काहीच माहीत नव्हतं, ती फुलांच्या मुकुटात हसत होती. तिने वाटी उचलली. बर्फी.

"म्हणजे काय?" व्याह्यांनी विचारलं.

"नो," माझा नवरा म्हणाला.

जमलेल्या लोकांमधून असा काही सुस्कारा निघाला की कुत्रा उठून बसला. विहीणबाई मात्र नॅपकिनने ओठ टिपत होत्या. मी ओरडून सांगत होते की अहो, मुलगी, बर्फी म्हणजे मुलगी. पण ऐकतो कोण. व्याही म्हणाले, एका वाटीने देशाचं ठरत नाही, तीनदा करा. कुणी म्हणालं, वाट्या ठेवल्या कुणी ते बघा, इंग्लंडहून आल्यात. नवरा म्हणाला, निकाल मान्य करायला शिका. तेव्हा व्याह्यांनी टेबलापाशी जाऊन ती बर्फी उचलली आणि शांतपणे खाऊन टाकली. निकाल पोटात गेला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण माझ्या नवऱ्याला कुठे थांबावं ते ऑपरेशन थिएटरबाहेर कधी कळलं नाही. तो म्हणाला, "खा, खा. नातवंड तरी आमच्या लीड्सलाच जन्माला येणार आहे. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं."

व्याह्यांची दाढ हलायची थांबली. "इंग्लंडमध्ये?" ते म्हणाले.

एकाच शब्दात त्या माणसाने काय काय घातलं होतं. देश स्वतंत्र होणार त्याच वर्षी घराण्यातलं पहिलं नातवंड परदेशात जन्मणार. आमच्याकडे जातीबाहेर लग्न केल्यावर म्हाताऱ्यांचे चेहरे व्हायचे, तसा त्यांचा चेहरा झाला. मग दोघं बोलू लागले आणि दोघंही माझ्या लेकीच्या पोटाकडे हात करून बोलत होते. मी पण बोलले, कबूल आहे, मी सव्वा महिन्याचा मुद्दा मांडला. शेवटी लेकीने डोक्यावरचा मुकुट काढला, झोपाळ्यावर ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली, "मला पाय वर करून बसायचंय. तुमचं झालं की कुणीतरी चहा आणा." आणि आत निघून गेली.

त्यानंतर दोन घरांत शीतयुद्ध सुरू झालं. रविवारचे फोन बंद. व्याह्यांकडून पोस्टाने 'येस'ची पत्रकं यायची, नवरा 'नो'ची पाठवायचा, ती त्याला कुठून मिळायची देव जाणे. मधल्या मध्ये जावई. मी त्याला विचारलं, बाबा रे, तुझं काय मत आहे? म्हणाला, "हॉस्पिटलजवळ पार्किंग मिळावं, एवढंच."

त्यातच पितृपक्ष लागला आणि नवऱ्याला साक्षात्कार झाला. मतदान पितृपक्षात होतं. या माणसाने चाळीस वर्षांत श्राद्ध घातलेलं मला आठवत नाही. एकदा मी सासऱ्यांच्या तिथीला खीर केली, तर याने ती ऑन-कॉलवरून येऊन मायक्रोवेव्हमध्ये गरम करून उभ्याउभ्या खाल्ली, पितरांच्या आधी. तो आता मला सांगू लागला की पितृपक्षात कुणी नवीन काम काढतं का, घर घेत नाहीत, साडी घेत नाहीत, आणि हे देश घेऊन राहिले. न राहवून त्याने अबोला मोडला आणि व्याह्यांना फोन लावला. पंधरवडाभर आमचे पूर्वज जेवायला येतात, या दिवसांत शुभकार्य यशस्वी होत नाही, असं सगळं नीट इंग्रजीत सांगितलं.

व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग व्याही म्हणाले, "येऊ देत की. आमचेही येतील. तीनशे वर्षं वाट बघतायत."

नवऱ्याने फोन ठेवला आणि बराच वेळ बॉयलरच्या कपाटात काहीतरी शोधत राहिला. बॉयलर बंद होता.

मतदान झालं. शुक्रवारी सकाळी उठले तर टीव्ही चालू, नवरा समोर, आणि निकाल लागलेला. 'नो' जिंकलं होतं. मला वाटलं, आता घरात नाच. मी टोस्ट करायला घेतले, कारण विजयी माणसाला तोंड द्यायचं तर पोटात काहीतरी हवं. त्याने फोन उचलला. कुणाला करतोयस म्हणून विचारायची गरज नव्हती. चिडवायला करणार, आणि मी ऐकावं म्हणून स्पीकरवर टाकणार. टाकलाच.

व्याह्यांनी उचलला. "हं," म्हणाले. त्या एका आवाजावरून कळत होतं की माणूस रात्रभर जागा आहे.

नवरा तोंड उघडून बसला होता. शब्द तयार होते, मला दिसत होते. मग म्हणाला, "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

मग व्याही म्हणाले, "ही नोवाली माणसं आहेत कुठे तेच कळत नाही. मला तर एकही भेटला नाही." मला विहीणबाईंची आठवण झाली आणि मी बटरकडे बघत राहिले.

नवरा म्हणाला, "माझे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. मी लहान होतो. राजधानी मुंबईला हलवली तेव्हा त्यांच्या ऑफिसातली कपाटं ट्रकवर चढवली. कपाटांच्या मागे खुर्च्याही गेल्या. बाबा त्या दिवशी घरी आले आणि ओसरीत बसून राहिले. आईने जेवायला हाक मारली, उठले नाहीत. मी जाऊन हात ओढला, तरी नाही." हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. कोळसा सांगितला, कापूस सांगितला, ही ओसरी नाही. "हळूहळू सवय होते," तो व्याह्यांना म्हणाला, आणि मग जरा वेळाने, "नाही, खोटं कशाला बोलू. होत नाही."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"ऐक," माझा नवरा म्हणाला, "बाळ तिकडेच होऊ दे. तुझ्या गावात. स्कॉटलंडमध्ये."

माझ्या हातात बटरची सुरी होती. ती बटरची होती हे त्याचं नशीब.

फोन ठेवल्यावर मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एका माणसाचा देश झाला नाही म्हणून त्याच्या हातावर माझ्या लेकीचं बाळंतपण ठेवायचं? तुझं होतं का ते द्यायला? खोली मी रंगवली, डिंक मी आणला. तो आपला खाली मान घालून, "तो रडून राहिला होता गं," एवढंच म्हणत होता. मलाही आतून भडभडून येत होतं, त्याच्या वडिलांसाठी, त्याच्यासाठी, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. धड भांडूही देत नाही हा माणूस.

मी लेकीला फोन लावला. म्हटलं, तुझ्या बाबाचं काही ऐकू नकोस, तू लीड्सलाच यायचंस.

ती तिच्या त्या इकडच्या मराठीत म्हणाली, "आई, माझा पोटवर किती लोक व्होटिंग करणार?"

मी सव्वा महिन्याचं काढणार, तोच ती पुढे म्हणाली,

"मी इथे बुक केलं आहे. मिडवाइफ पण ठरली. केव्हाचं. चौथा महिनामध्ये."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रूम पेंट केली ना," ती म्हणाली. आणि मग आवाज बारीक करून, "तू तो टोस्टचा स्टोरी सांगते तेव्हा मला नाही म्हणता येत नाही. पण आई, मला भीती वाटतो. तू ये ना."

बाहेर जगभरच्या वाहिन्यांवर देशाचं काय होणार यावर चर्चा चालू होती. माझ्या घरात दोन सर्टिफाइड डॉक्टर होते आणि पोरगी घाबरली आहे हे एकाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. मला फार लागलं ते. मी येते म्हटलं.

शनिवारी सकाळी निघालो. डिक्कीत डिंक, खारीक, अळीव, कढई आणि शेगडी, ती नवऱ्याने गुपचूप ठेवली होती. वाटेत आम्ही फारसं बोललो नाही. मला रडू येत होतं आणि येऊ द्यायचं नव्हतं. माझ्या मनात एकच घोळत होतं, की झालं, माहेरपण राहिलंच. मला मिळालं नाही आणि मला देताही आलं नाही.

दुपारी तिच्या दारात पोचलो. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. एवढं मोठं पोट, अंगात जावयाचा स्वेटर, केस विस्कटलेले. मी आत पाऊल टाकणार, तर तिने हात आडवा केला. "थांब आई. आत नको येऊ."

तिच्या एका हातात दूध मोजायचा जग होता, त्यात पाणी. दुसऱ्या हातात ओटकेकचा, म्हणजे तिथल्या ओट्सच्या भाकरीचा, तुकडा. तिने तो तुकडा माझ्या डोक्यावरून तीनदा ओवाळला, उलट्या बाजूने, आणि अंगणात भिरकावला. लगेच एका सीगल पक्ष्याने उचलला. मग ती पोट सांभाळत, दाराला धरून जेवढी वाकता येईल तेवढी वाकली आणि ते पाणी माझ्या पायांवर ओतलं. बूट, मोजे, सगळं चिंब. पाणी गार होतं.

लग्नानंतर ती पहिल्यांदा लीड्सला आली होती तेव्हा दारात मी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता आणि पायांवर पाणी घातलं होतं. तिने ते एकदाच पाहिलं होतं.

"अगं वेडे," मी म्हटलं, "हे माहेरी आलेल्या लेकीला करतात. मी तुझी आई आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुला तेव्हा कुणी केला नव्हता ना."

मागे कढई हातात घेऊन नवरा उभा होता. तिने माझा हात धरला आणि मी ओल्या पायांनी आत गेले.